वॉर्डात मृत्यू होतो तेव्हा: पहिला तास, आणि त्यानंतरचं काम

रात्रपाळीला एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), क्वार्टरवर ऑन-कॉल डॉक्टर आणि तीस खाटा. कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात मृत्यू अशाच मनुष्यबळावर निभावून न्यावा लागतो. समुपदेशक नसतो, वेगळी खोली नसते, शवागार असलंच तर दोन कप्प्यांचं. म्हणून इथे लिहिलंय ते एवढ्याच माणसांना जमेल असं.

कागद, शरीराची तयारी आणि नातेवाइकांशी बोलणं ही तीन वेगळी कामं समजली की घोळ होतो. पाठीवरचे निळसर डाग आधी समजावून सांगितले नाहीत, तर घरी आंघोळ घालताना तेच मारहाणीचे वळ ठरतात. कागदावर वेळ चुकली की ‘डॉक्टर तासभर उशिरा आले’ ही गोष्ट वाडीभर होते. कर्मचाऱ्यांच्या मनात जे महिनोन्महिने सलत राहतं तेही बहुतेक वेळा याच पहिल्या तासातलं असतं.

घोषित करण्याआधी

मानेतली नाडी, हृदयाचे ठोके, श्वासाचा आवाज, बुबुळांची प्रकाशाला प्रतिक्रिया, भुवईच्या हाडावर दाब दिल्यावर हालचाल. हे सगळं एकदा बघून थांबू नका. पाच मिनिटं सलग निरीक्षण करा. नंतर ईसीजीची सपाट पट्टी काढा आणि तिच्यावर पेनने नाव, तारीख, वेळ लिहा. ती थर्मल कागदाची असते. दमट हवेत काही महिन्यांत कोरी पडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून केस पेपरला लावा.

साप चावलेल्या पेशंटच्या बाबतीत घाई अजिबात नको. मण्यार किंवा नाग चावला असेल तर विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, बुबुळं मोठी होऊन प्रकाशाला दाद देत नाहीत. पेशंट मेल्यासारखा दिसतो आणि हृदय मात्र चालू असतं. अशा वेळी बुबुळांवरून निर्णय घेऊ नका. ईसीजीवर ठोके असतील तर कृत्रिम श्वास चालू ठेवायचा. फुरशाच्या आणि घोणसाच्या विषात रक्त गोठण्याचा बिघाड मुख्य असतो; पण चावलेला साप कुठला हे घरच्यांना खात्रीने माहीत असतंच असं नाही.

घोषित केलं की व्हेंटिलेटर बंद करा, मॉनिटर बंद करा, मग घरच्यांना आत घ्या. मशीन चालू राहिलं तर छाती वरखाली होत राहते, आणि त्यानंतर तुम्ही काय सांगता त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. वेळ वॉर्डातल्या एकाच घड्याळाची घ्या. केस पेपर, नर्सिंग नोट, रजिस्टर, पोलिसांना दिलेली खबर, सगळीकडे तोच आकडा हवा. सिस्टरच्या मोबाइलवर १०.४० आणि डॉक्टरच्या घड्याळात १०.५५ असेल, तर त्या पंधरा मिनिटांचा जाब पुढे कुणालातरी द्यावा लागतो.

सांगणं

सांगायचं काम डॉक्टरचं. सिस्टरने नातेवाइकांच्या बाजूला उभं राहायचं, डॉक्टरच्या बाजूला नाही. मामांनी दाराशी थांबून वाडीहून आलेल्या बाकीच्या मंडळींना दोन मिनिटं बाहेर थोपवायचं. सुमो भरून माणसं आलेली असतात आणि त्यातला सर्वांत मोठा आवाज बहुतेक वेळा सर्वांत लांबच्या नात्याचा असतो. बोलण्याआधी विचारा: ‘घरचं कोण? मुलगा, बायको, भाऊ?’ त्यांना बसवा. खोली नसेल तर औषधांच्या खोलीतल्या दोन खुर्च्या चालतील. कॉरिडॉरमध्ये उभ्याने सांगू नका. खुर्ची पाठीची हवी, स्टूल नको, कारण माणसं कोसळतात.

वाक्यं तीन. पहिलं: ‘काकी, बातमी वाईट आहे.’ मग दोन-तीन सेकंद थांबायचं. दुसरं: ‘काका दहा चाळीसला वारले.’ तिसरं: ‘आम्ही पाऊण तास प्रयत्न केले, हृदय पुन्हा चालू झालं नाही.’ पुढे गप्प राहायचं. हे गप्प राहणंच सगळ्यांना जड जातं. ती पोकळी भरायला नवे डॉक्टर पोटॅशियम, क्रिएटिनिन, प्लेटलेट असं बोलू लागतात. त्यातलं एक अक्षर कोणी ऐकत नसतं.

शब्द कोणता वापरता याला फार महत्त्व आहे. ‘गेले’ म्हणू नका. आपल्याकडे पेशंट मोठ्या रुग्णालयात म्हणून कोल्हापूरला जातो, गोव्यात बांबोळीला जातो, मुंबईला जातो. ‘बाबा गेले’ म्हटल्यावर ‘खंय गेले? कोणत्या गाडीन?’ हा प्रश्न खरोखर येतो आणि मग तीच बातमी दुसऱ्यांदा द्यावी लागते. ‘एक्स्पायर झाले’ हा शब्द औषधाच्या बाटलीसाठी ठेवा. ‘सिरीयस’ हा शब्द तर कोकणात पार झिजून गेलाय. मुंबईच्या चाकरमान्याला ‘सिरीयस आहे, लगेच निघ’ असा फोन गावाहून आला की तो मनात जे समजायचं ते समजतो. त्यामुळे पेशंट खरोखरच अत्यवस्थ असेल तेव्हा ‘अजून जिवंत आहेत, पण आजची रात्र काढतील असं वाटत नाही’ असं पूर्ण वाक्य बोलावं लागतं. ‘वारले’ किंवा ‘मृत्यू झाला’ सगळ्यांना कळतं. मुसलमान घरात ‘इंतकाल झाला’ म्हटलं तर अधिक जवळचं वाटतं.

आणि त्या क्षणानंतर ‘बॉडी’ हा शब्द नातेवाइकांसमोर तोंडातून निघता कामा नये. ‘काकांना आपण तयार करतोय, वीस मिनिटांत तुम्ही बघू शकाल.’ तासापूर्वी ज्याला काका म्हणत होतो तो माणूस नातेवाइकांसाठी अजून काकाच असतो. मामांना हे आधी एकदा सांगून ठेवा, कारण ‘बॉडी कुठे ठेवू?’ हा आवाज सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जातो.

रडण्याला थांबवू नका. गावाकडच्या बायका हेल काढून, मेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगत रडतात. ‘इथे आवाज करू नका’ म्हटलेलं वर्षानुवर्षं विसरलं जात नाही. शेजारच्या पेशंटांसाठी पडदे ओढा आणि नंतर एकेकाजवळ जाऊन सांगा. त्यांना सगळं समजलेलं असतंच, मनातून घाबरलेले असतात. ‘तिला झोपेचं इंजेक्शन द्या’ अशी मागणी घरातले पुरुष करतात. देऊ नका. इंजेक्शनने दुःख कमी होत नाही, फक्त तिला अंत्यविधीच्या वेळी शुद्ध राहत नाही. पाणी द्या, बिनसाखरेचा किंवा साखरेचा ते विचारून चहा द्या, आणि बीपी-शुगर असलेल्या माणसाला छातीत दुखतंय का हे विचारून घ्या. धक्क्यात खरा हार्ट अटॅक येतो. ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

राग आला तर? खुलासा करायचा नाही, आवाज चढवायचा नाही, एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही. तुमच्या आणि दाराच्या मध्ये कोणी येणार नाही असं उभं राहा. ‘ताप तर होता नुसता, कालपर्यंत भाताची लावणी करत होता’ हे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) मृत्यूत हमखास येणारं वाक्य. त्याला सरळ उत्तर: ‘हो, लेप्टोमध्ये असंच होतं. ताप दिसतो आणि आत किडनी, फुफ्फुसं बिघडत असतात.’ कोणी पेशंटला उशिरा आणलं असेल तरी त्या रात्री ते बोलायचं नाही. ज्याने उशीर केला त्याला ते ठाऊक असतं. मारहाणीपर्यंत गेलं तर महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा आहे. पण तो दुसऱ्या दिवशीच्या फिर्यादीला उपयोगी, त्या क्षणाला उपयोगी पडतात ते पोलीस पाटील किंवा वाडीतला एखादा वडीलधारा. त्याला बाजूला घेऊन आधी विश्वासात घ्या.

घरात लहान मुलं असतील तर आईवडिलांना एवढंच सांगा: ‘आजोबा झोपलेत’ म्हणू नका. मूल पुढे झोपायला घाबरतं.

शरीराची तयारी

हे काम दोघांचं, आणि मरणानंतरच्या पहिल्या दोन तासांतलं. शरीर ताठ व्हायला साधारण दोन ते चार तासांत सुरुवात होते. पापण्या आणि जबडा आधी, मग हातपाय. उकाड्यात ते आणखी लवकर येतं. उशीर केला तर तोंड उघडं राहतं ते राहतंच, आणि ते तोंड घरच्यांच्या डोळ्यांसमोर कायमचं राहतं.

पोलीस केस नसेल तर सलाईन, नळ्या, कॅथेटर काढा. सुईच्या जागी पाच मिनिटं दाबून कापूस आणि पट्टी लावा, कारण मेल्यावरही रक्त झिरपतं आणि पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो. कवळी असेल तर आधी बसवा, जबडा बांधल्यावर ती बसत नाही. पापण्या मिटून वर ओला गॉज ठेवा. हनुवटीखालून चार इंची बँडेज घेऊन डोक्यावर गाठ मारा. गाठ कानाच्या वर, गालावर नको, नाहीतर वळ उमटतो. डोक्याखाली एक उशी ठेवा, म्हणजे चेहरा काळानिळा पडत नाही. हात शरीराच्या बाजूला सरळ, पायांचे अंगठे सैल बांधा. कूस बदलताना छातीतली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येतो. नवीन मावशीला (आयाला) हे आधी सांगा, नाहीतर ती किंचाळते आणि बाहेर बसलेली मंडळी धावत आत येतात.

मग चेहरा पुसा, केस विंचरा. याला एक मिनिट लागतं. नातेवाईक पहिल्यांदा बघतात ते केसच.

आत येणाऱ्यांना दारातच तीन गोष्टी सांगा. हात गार लागेल, पण छाती आणि काख बराच वेळ कोमट राहते; त्याचा अर्थ जीव आहे असा नाही. पाठ, मांड्यांच्या मागची बाजू, मानेचा खालचा भाग इथे तास-दोन तासांत निळसर-जांभळे डाग दिसू लागतील, कारण रक्त खाली साचतं. खांदे आणि ढुंगणाची जागा, जिथे गादीचा दाब पडतो, तिथे ते डाग येत नाहीत. घरी आंघोळ घालणाऱ्या माणसाला हे प्रत्यक्ष सांगा. निरोप पाठवू नका.

नेत्रदान विचारायचं असेल तर आधी नेत्रपेढीला फोन करा, टीम सहा तासांच्या आत पोचू शकेल का हे बघा, आणि मगच घरच्यांना विचारा. हो म्हणवून घ्यायचं आणि नंतर ‘गाडी येत नाही’ सांगायचं, यासारखं वाईट काही नाही. हो म्हणाले तर पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोकं थोडं उंच. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी नेत्रदान अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी-सी, रक्तातला जंतुसंसर्ग यांनी अडतं.

दागिने

रात्री कितीही उशीर असो, दागिने एकट्याने काढायचे नाहीत. सिस्टर, मामा आणि घरचं एक माणूस, तिघांच्या समोर. नोंदीत ‘सोन्याचं मंगळसूत्र’ लिहू नका. ‘पिवळ्या धातूचं, काळे मणी असलेलं, दोन वाट्या’ असं लिहा. ‘चांदीची जोडवी’ऐवजी ‘पांढऱ्या धातूची, दोन’. सोनं की बेंटेक्स हे ठरवणं आपलं काम नाही, आणि लिहिलं की जबाबदारी आपली. अंगठी निघत नसेल तर साबणाचं पाणी. तेही जमलं नाही तर तशीच ठेवा आणि ‘उजव्या अनामिकेत, निघाली नाही’ अशी नोंद करा. घेणाऱ्याची सही, नातं, मोबाइल.

जिवंत बायकोच्या बांगड्या आणि मंगळसूत्र हा वेगळा विषय. कधीकधी वॉर्डातच एखादी थोरली बाई ते उतरवायला लागते आणि सिस्टरकडे कात्री मागते. कात्री द्यायची नाही. ‘इथे नको, काकी’ एवढं पुरतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्ये केला, तेव्हापासून हे बोलणं थोडं सोपं झालंय.

ज्याच्या त्याच्या रीतीने

गृहीत धरू नका, विचारा: ‘तुमच्याकडे आता काय करतात? आम्ही काय करायचं नाही?’ दुसरा प्रश्न अधिक कामाचा.

पेशंट शेवटच्या घटका मोजत असताना ‘खाली घ्या’ अशी विनंती हिंदू घरांतून येते, म्हणजे जमिनीवर. करता येतं. फरशीवर घोंगडी किंवा चादर, चार माणसं, लघवीची पिशवी चिमटा लावून शरीरापेक्षा खाली, ऑक्सिजनची नळी लांबवून. पाणी आणि तुळशीपत्र: गिळता येत नसेल तर घशात ओतू द्यायचं नाही, श्वासनलिकेत जातं आणि पेशंट गुदमरतो. ओठ ओले करा, पान जिभेवर ठेवा, तेवढं घरच्यांना पुरतं. दिवा आणि उदबत्ती ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत नाहीच. दुसऱ्या खोलीतही खिडकीशी.

दापोली, राजापूर, मुरूड, श्रीवर्धन भागातल्या मुसलमान घरांत तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायचं असतं. कोकणातून ती दिशा म्हणजे पश्चिम, किंचित उत्तरेकडे; सोपं सांगायचं तर समुद्राच्या बाजूला. खाट फिरवायला एक मिनिट लागतं. दफन लवकरात लवकर, त्यामुळे कागद आधी त्यांचे. बाईला बायकांनीच हात लावावा. आंघोळ ते स्वतः घालतात; आपण फक्त रक्त पुसायचं. वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवणच्या कॅथलिक घरांसाठी फादरना मृत्यूच्या आधी बोलवावं लागतं, कारण आजाऱ्याचा अभ्यंगसंस्कार जिवंत माणसालाच देतात. ‘बघू सकाळी’ म्हणून चालत नाही. मंडणगड-महाडकडच्या बौद्ध घरात तुळस-गंगाजल पुढे करू नका. त्रिशरण-पंचशील म्हणायला पाच मिनिटं शांतता द्या.

पोलीस केस आणि पीएम (शवविच्छेदन)

अपघात, बुडणं, साप, विष, भाजणं, फास, झाडावरून पडणं (आंबा-नारळाच्या हंगामात हे नेहमीचं), लग्नाला सात वर्षं न झालेल्या बाईचा संशयास्पद मृत्यू, आणि मेलेल्या अवस्थेत आणलेला माणूस. या सगळ्यांत नळ्या, सुया, कपडे आहेत तसे ठेवायचे, आंघोळ-पुसणं काही नाही, आणि ताबा पोलिसांमार्फतच. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी चढते.

‘साप चावला ते आम्ही डोळ्यांनी बघितलं, मग फाडायचं कशाला?’ हा प्रश्न रागाने येतो, आणि त्याचं कायद्याचं उत्तर (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४) कोणालाही पटत नाही. पटतं ते हे: शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूवर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या सानुग्रह योजनेतून वारसाला २ लाख मिळतात, सर्पदंश त्यात धरतात, आणि तिथे पंचनामा आणि पीएमचे कागद लागतात. त्या रात्री पीएम टाळून घरी नेलं, तर वर्षभर तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पैशाचं नाव काढायला संकोच वाटतो, पण मृत्यूच्या वेळी हे सांगणारं दुसरं कोणी नसतं.

वेळ खोटी सांगू नका. ‘सकाळी नऊला मिळतील’ असं ठोकून देऊ नका. क्रम सांगा: पोलीस येणार, पंच मिळणार, पंचनामा, मग पीएम, मग ताबा. रात्री पीएम करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली, पण उजेड आणि सोय असेल तिथेच, आणि खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं शव, संशय यांना ती मुभा सहसा नाही. दर तासाला बाहेर जाऊन, सांगायला नवीन काही नसलं तरी, ‘पोलीस अजून निघालेले नाहीत’ एवढं सांगा. माणसं चिडतात ती उशिरापेक्षा कोणी तोंड न दाखवल्यामुळे.

मच्छीमार बोटीवरचा परराज्यातला किंवा नेपाळी खलाशी असेल तर आधी तांडेलला (बोटीवरच्या म्होरक्याला) गाठा. घरचा फोन नंबर मालकापेक्षा त्याच्याकडे किंवा बरोबरच्या खलाशांकडे असण्याची शक्यता जास्त.

मुलगा मुंबईहून येईपर्यंत

कोकणात हे नेहमीचंच. मुलगा रात्री कोकणकन्येत बसला तर सकाळी पोचतो. गणपतीत किंवा शिमग्यात तिकीट नाही म्हणून गाडी करून निघाला तर महामार्गावर कुठे अडकेल सांगता येत नाही. फोनवर ‘गाडी कोण चालवतंय?’ हे आधी विचारा. तो स्वतः चालवत असेल तर गाडी बाजूला घ्यायला सांगा आणि मग बातमी द्या. खोटं बोलू नका. पण घाटाच्या वळणावर सांगूही नका.

शीतपेटी २ ते ४ अंशांवर हवी. पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर तिच्या फेजवर आहे का हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून आजच तपासा. शीतपेटी नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा मंडळाची शवपेटी मिळते का विचारा. काहीच नसेल तर स्पष्ट सांगा: उकाड्यात १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग येतो आणि पुढे वास सुरू होतो. थांबायचं की नाही हे घरच्यांनी ठरवावं. पण हा आकडा माहीत असल्याशिवाय त्यांना ठरवता येत नाही.

१०८ मृतदेह नेत नाही, ती रुग्णांसाठी आहे. शववाहिकेचा नंबर, चालकाचा नंबर आणि अंदाजे भाडं भिंतीवर लावून ठेवा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीने जायचं असेल तर बोट चालू आहे का हे गाडी सुटण्याआधी विचारा, नाहीतर रात्रभर जेटीवर उभं राहावं लागतं. आणि खाजगीत असाल तर: बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत ते स्पष्ट आहे.

कागद

मृत्यू जिथे झाला तिथे नोंदला जातो, गावाला नाही. हे ऐंशी टक्के धावपळीचं मूळ म्हटलं तरी चालेल: माणसं ग्रामसेवकाकडे जातात, तो म्हणतो रुग्णालयात जा. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयानेच २१ दिवसांच्या आत जन्म-मृत्यू निबंधकाला द्यायची. दाखला कुठून मिळेल ते चिठ्ठीवर लिहून द्या.

नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, घाईत बिघडतं ते दोन ठिकाणी. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ हे कारण नाही. प्रत्येक माणूस हृदय आणि श्वास थांबूनच मरतो. वर लगेचचं कारण, खाली त्याच्यामागचं, सर्वांत खाली मूळ आजार, संक्षेप न वापरता. दुसरं नाव. कोकणातल्या एका वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वाडी नीट हवी. आधारकार्ड बघून लिहा, तोंडी ऐकून नाही. एका वेलांटीवरून बँक, विमा, पेन्शन अडतं; सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला तलाठ्याकडे तीन महिन्यांत जायचं असतं, तिथेही तेच. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. मेलेल्या अवस्थेत आणलेल्या, आपण कधी न तपासलेल्या माणसाचं कारण लिहू नका, कितीही ओळखीचा असला तरी.

घरी न्यायचंय

‘आता काही होणार नाही तर घरात जीव जाऊ दे’ असं म्हणणाऱ्या घरावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा शिक्का मारून त्यांना सोडून देऊ नका. ही मागणी बहुतेक वेळा बरोबर असते. काय होईल ते सांगून पाठवा: श्वास थांबून थांबून येईल, घशात घरघर होईल (पेशंटला कुशीवर वळवा, त्याला त्याचा त्रास होत नसतो, ऐकणाऱ्याला होतो), हातपाय गार आणि निळसर पडतील. तोंड दर दोन तासांनी ओल्या कापसाने पुसा, भरवू नका. वेदनेची गोळी किंवा थेंब चिठ्ठीवर लिहून द्या. शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरने नमुना ४ अ (घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र) द्यायचा असतो, तो कोण देणार हे जाण्याआधी ठरवा.

बाळ

२८ आठवड्यांनंतर मेलेलं जन्मलं तर मृतजन्माची नोंद. एक श्वास घेऊन गेलं तर जन्म आणि मृत्यू दोन्ही. आईला बघायचंय का हे आईला विचारा, सासूला नाही. बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून, चेहरा मोकळा ठेवून द्या. ‘तरुण आहेस, दुसरं होईल’ हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करा. दोन ते चार दिवसांत दूध उतरेल हे तिला सांगून ठेवा, कारण ते कोणीच सांगत नाही आणि घरी ती एकटी सापडते. नीट बसणारी चोळी, गार फडकं, पिळून काढायचं नाही. ताप किंवा लाल गाठ आली तर परत यायचं. शक्य असेल तर तिची खाट बाळंतिणींपासून लांब.

आपण

शहरात कर्मचारी घरी गेला की पेशंटचं घर मागे राहतं. इथे राहत नाही. मेलेला माणूस मासळीबाजारातला असतो, एसटीचा कंडक्टर असतो, मामांचा चुलतभाऊ असतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याची बायको बाजारात समोर येते. तोंड चुकवू नका. थांबा, ‘कशा आहात?’ विचारा. केसबद्दल रस्त्यावर बोलू नका. ओळखीचं घर असेल तर दिवसकार्याला जायला हरकत नाही. तिथे ‘आणखी काय करता आलं असतं’ या चर्चेत उतरू नका.

मृत्यू घोषित झाल्यावर तिथल्या तिथे एक मिनिट सगळ्यांनी हात थांबवून उभं राहायचं, ही रीत अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने सुरू केली. तिला पैसा लागत नाही, खोली लागत नाही. कोणी देवाचं नाव घेईल, कोणी घेणार नाही. मग हात धुवायचे आणि पुढचं काम.

पाळी संपण्याआधी दहा मिनिटं बोला, त्यात मामा आणि मावशी हव्यातच. शव उचलणारे, पुसणारे, शवागारात ठेवणारे तेच, आणि त्यांना कधी कोणी विचारत नाही. प्रश्न दोन पुरेत: काय नीट झालं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. चूक कोणाची हे त्या दहा मिनिटांत नाही. खरी चूक झाली असेल तर तिची लेखी चौकशी वेगळी, दुसऱ्या दिवशी. एकाच माणसाला सलग पीएमला उभं करू नका. लहान मूल किंवा प्रसूतीतली आई गेली असेल तर त्या सिस्टरला पुढच्या पाळीला त्याच वॉर्डात पाठवायचं का, हे तिला विचारून ठरवा. काहींना पाळी बदलून हवी असते, काहींना त्याच खाटा हव्या असतात.

झोप उडणं, तेच दृश्य परत परत येणं, काही दिवस होतं. दोन-तीन आठवड्यांनीही कमी होत नसेल, ड्यूटीला जाताना पोटात गोळा येत असेल, किंवा रोज घोट घेतल्याशिवाय झोप येत नसेल तर मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि रेंज असेल तिथून लागतो.

शेवटचं काम पंधरा दिवसांनी येतं. कोणीतरी खिडकीवर उभं राहतं, हातात पिशवी, दाखल्यासाठी. ‘काय काम?’ ‘दाखला.’ ‘कोण वारलं?’ ‘कधी?’ ‘कशाने?’ असं त्याच्याकडून भरल्या रांगेत वदवून घेऊ नका. मृत्यू रजिस्टरची प्रत, कारणाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि निबंधकाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी एका लिफाफ्यात घालून, वर नाव आणि वाडी लिहून खिडकीच्या खणात ठेवलेली असावी. नाव ऐकलं की लिफाफा काढून द्यायचा आणि बसायला खुर्ची दाखवायची.